सात झऱ्यांचा मोकळा नकाशा

कातळवाडीत मोकळा असलेला नकाशा समुद्र ओलांडला की बांधील कसा होतो? हे कोडं शाल्मलीला पडलं ते वैशाखातल्या एका संध्याकाळी.

शेजारच्या त्र्यंबकआजोबांच्या अंगणात उजेडाची पृथ्वी पसरली होती. तिच्यात पाय टाकला की पावलांभोवती निळे समुद्र हलायचे. आजोबा नकाशाशास्त्रज्ञ. त्यांचा यंत्रमानव रेखू या मुक्त नकाशाची (देशोदेशीच्या लोकांनी मिळून काढलेला, कुणीही वापरावा असा नकाशा) राखण करायचा.

"शाल्मलीताई, तुम्ही घातलेले सड्यावरचे (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावरचे) सात झरे मला पुसावे लागतील," रेखू हळूच म्हणाला.

"पुसतोस? अरे, परवा बिरूमामा मेंढ्या घेऊन कोकणातून वर येतोय. हाच नकाशा बघून तो वाट धरणार!"

आजोबांनी विचारलं, "झरे कुठून घेतलेस, बाळ?"

"देवळातल्या नकाशावरून गिरवले."

तो नकाशा एका परदेशी पाहुण्याने काढला होता. गावात वर्षानुवर्षं राहून, जाताना त्याने तो देवीच्या पायाशी ठेवला होता.

"देवीचं म्हणजे सगळ्यांचंच ना?"

"कागद देवीला वाहिला गं, प्रताधिकार (आपल्या निर्मितीवरचा निर्मात्याचा हक्क) नव्हता वाहिला. तो गृहस्थ वारून त्रेसष्ट वर्षं झाली. आपल्याकडे हा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे इथे तो संपला."

"मग झालं तर!"

"पण त्याच्या देशात सत्तर वर्षं टिकतो."

"मी तर झरे इथे बसून काढले. इथलाच कायदा लागेल ना?"

"जसा देश तसा वेश. नकाशा जिथे वापरला जातो, तिथला कायदा साधारणपणे त्याला लागतो. आणि आपला नकाशा तर एकाच क्षणी सगळ्या देशांत असतो. म्हणून तो सगळीकडेच निर्मळ हवा."

"मला बघा," रेखू कुरकुरला, "इतक्या देशांचं सोवळं एकदम पाळावं लागतं!"

शाल्मलीला हसू आलं नाही. "मग सात वर्षं थांबायचं? मेंढ्यांची तहान थांबेल?"

"थांबायचं कशाला? त्याने ओढलेल्या रेघा त्याच्या. पण डोंगरात पाणी आहे ही वस्तुस्थिती (जे खरोखर आहे ते). तिचा मालक कुणी नसतो. तू स्वतः जा, बघ आणि नोंद कर."

दुसऱ्या दिवशी उजाडताच, आईने बांधून दिलेली भाकरी घेऊन ती रेखूबरोबर सड्यावर निघाली. झरा दिसला की चपला काढायच्या, पाण्याला हात जोडायचे, मग ओंजळ भरायची, ही गावची रीत. तिचे हात जोडून होईपर्यंत रेखूही गप्प उभा राहायचा आणि मगच ठिपका उमटवायचा. असे सहा झरे झाले.

सातव्यापाशी मात्र नुसती भेगाळलेली माती होती.

शाल्मलीने माती उकरून पाहिली; ओल नव्हती. बिरूमामा दुपारचा मुक्काम नेमका इथेच करणार होता! तिने सांगितलं, "रेखू, लिही. आटला आहे."

तिसऱ्या दिवशी कळप सहाव्या झऱ्यावर पोटभर पाणी प्यायला. बिरूमामा म्हणाला, "पोरी, सातव्याकडं वळलो असतो तर कोकरं हाती लागली नसती बघ."

त्या संध्याकाळी ती अंगणातल्या उजेडात आडवी झाली. डोळे मिटत आले असताना, दूर तिसऱ्याच खंडावर, एक नवा निळा ठिपका उमलला. तिकडेही कुणीतरी पाण्यापर्यंत चालत गेलं होतं.