लांब-आखूड फरश्या

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री, वीज गेलेली असताना, दगडांच्या वखारीतल्या वयस्क मुनीमकाकांनी ही हकीकत त्यांच्या दोन पुतण्यांना व मला सांगितली. त्यांच्या ओळखीच्या, बागा तयार करणाऱ्या एका कंत्राटदाराची. “माणूस कसला, नुसता तोरा!” ही प्रस्तावनाही त्यांचीच.

हिरवळीत दगडी पायवाट करताना फरश्या आधी गवतावर नुसत्या मांडतात. एकाने सहज चालायचे. पाऊल पडेल तिथे फरशी. हे चालणे कंत्राटदाराच्या थोरल्या भावाकडे असे. पुढे डाव्या पायावर दगड पडून तो लंगडू लागला.

“दादा, तुझ्या चालीनं फरशी लावली तर गिऱ्हाईक नाचत घरी जाईल!” कंत्राटदार मजुरांदेखत म्हणाला. दादा निघून गेला, तो कामावर परतला नाही. पावसाळ्यात वारला. त्याच्या अंत्यविधीलाही कंत्राटदार फोन कानाला लावूनच आला होता.

दादा गेल्यावर काही महिन्यांनी, एका रात्री साडेदहाला कंत्राटदार एका बंगल्याच्या बागेत विसरलेली, सपाटी तपासायची लेव्हलपट्टी आणायला गेला. पायवाट त्याने दुपारी स्वतः चालून मांडली होती. सकाळी मालकीणबाईंना ती पसंत पडली, की साऱ्या वसाहतीच्या बागा त्याच्याच.

तो ऐटीत फरश्यांवरून निघाला. दुसरे पाऊल गवतात पडले.

“गाढवांनो, हलवल्यात काय रे!” घरी गेलेल्या मजुरांना त्याने शिवी हासडली.

पुन्हा चालला. एक अंतर लांब. एक आखूड. पुन्हा लांब... फरशी चुकू नये म्हणून त्याला डावा पाय ओढावा लागत होता.

तो थांबला.

मागे फरशीवर पाऊल वाजले. मग काहीतरी घासटले. पाऊल. घासट...

“कोण आहे?”

पाऊल. घासट. आणखी जवळ.

“दादा...?”

आवाज थांबला. अगदी पाठीशी.

पहाटे तो एकटाच परत आला; बाई उठण्याआधी फरश्या पुन्हा समान अंतरावर लावायला. पहिली उचलली. तिच्याखालचे गवत पांढरे पडून चपटले होते. महिनोन्महिने दगडाखाली दबल्यासारखे. आदल्या दुपारी त्याने जिथे ती मांडली होती, तिथे हिरवेगार गवत ताठ उभे होते. फरशी तशीच ठेवून त्याने काम सोडले.

ती पायवाट मी पाहिली आहे. अंतरे लांब-आखूडच आहेत. दुपारी ती समान होती, असे त्या दिवशी कामावर असलेले दोन्ही मजूर वेगवेगळे विचारल्यावरही सांगतात. पांढरे गवत मात्र कंत्राटदाराखेरीज कोणी पाहिलेले नाही. त्याची खात्री मला कधीच करता आली नाही.