वरची खोली बघायला

रोडेल पहिल्यांदा आला तेव्हा मी जिना पुसत होते. बिन्यान शहरातल्या ओसांगमावशीच्या दुमजली इमारतीतली वरची खोली चार महिने रिकामी होती, आणि तिच्या किल्ल्या माझ्या कमरेला.

"खोली बघायचीय," तो म्हणाला. हातात छत्री असून भिजलेला. "नळाला पाणी येतं?"

"येतं. त्याच्या मनात आलं तर."

तो हसला... आणि मेलं, तिथेच माझं चुकलं.

"राहणार किती जण?"

"दोघं."

म्हणजे लग्न झालेलं! मी दार जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. खिडकी मोजायची राहिली म्हणे. तिसऱ्या दिवशी, पलंग मावेल का?

"बायकोला आणा की एकदा," मी नाक मुरडलं.

"बायको? कुठून आणू? तुमच्या बघण्यात आहे का एखादी?"

जिन्यावरून पडता पडता वाचले मी. चौथ्या दिवशी कानांत डूल घातले. मावशी म्हणाली, "खोली भाड्याने द्यायचीय, मारिविक. तुला नाही!"

पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने बिंग फोडलं. त्याची आई वारलीय. चॅपलमध्ये जागरणाला ठेवलीय तिला, दफन उद्या. तिथून उठतो आणि रोज आमच्याकडे येतो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रेताजवळून उठलेला माणूस तडक घरी जात नाही, आधी कुठेतरी टेकतो, नाहीतर मेलेलं मागोमाग घरात येतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण लोक त्यासाठी बेकरीत जातात, बाजारात जातात!

तो आल्या आल्या मी विचारलं, "आईला माझ्या खोलीत सोडून जात होतास? रोज?"

त्याने मान खाली घातली. "पहिल्या दिवशी... हो. बेकरीत, बाजारात सगळे विचारतात, कशी गेली, हाल झाले का. तू विचारलंस, राहणार किती जण. आई नि मी, आम्ही दोघंच होतो गं, तोंडातून निघून गेलं. नंतर मात्र — नंतर तुझ्यासाठीच आलो."

मावशीने सगळं ऐकलं. मंतरलेलं पाणी शिंपडत तिने त्याला हाकललं. मग माझ्याकडे वळली, "त्याच्यामागे जायचं असेल तर किल्ल्या ठेवून जा. परत दार उघडायची नाही मी."

रात्रभर रडले. सकाळी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि दफनाला गेले.

दफन झाल्यावर सगळे बेकरीकडे वळले. रोडेल मात्र कुठेही न टेकता तडक घरी निघाला. मी धावत जाऊन त्याला त्याच्या दारात गाठलं.

"थांबला का नाहीस कुठे?"

"मुद्दाम. येऊ दे तिला. घर खायला उठतं."

"आणि तुला घेऊन गेली तर?"

त्याने कुलूप काढून दार सताड उघडलं आणि उघडंच ठेवलं. त्याला तेच हवं होतं!

"मला तू हवा आहेस," मी म्हटलं. लाज वाटायलाही वेळ नव्हता. "जिवंत हवा आहेस, रोडेल."

त्याने उंबऱ्यावरच मला अडवलं. "मारिविक, तूही कुठे टेकली नाहीस. जा ना... अजून वेळ गेली नाही."

भीती तर वाटत होतीच. तरी मी आत गेले, चूल पेटवली, तांदळाचा डबा शोधला.

"आलीच असेल तर जेवून जाईल," मी म्हटलं, आणि तिघांचा भात टाकला.