अर्ध्या मैलातलं दुकान

सरकारदरबारी दाखल झालेलं सत्य पायाच्या दगडासारखं असतं. त्यावर पिढ्या उभ्या राहतात. टॉलिव्हर गावाच्या अर्जात असा एक दगड होता : अर्ध्या मैलाच्या आत ताज्या मालाचं किराणा दुकान आहे. एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी एक माणूस तिथे कांदे आणायला गेला, तर दुकानच नव्हतं.

त्याने राज्याच्या गृहनिर्माण खात्याला फोन केला. फोन फिरत फिरत अर्लन ड्युबेकच्या टेबलावर आला, कारण असे फोन शेवटी तिथेच येत. अर्लन एकसष्ट वर्षांचा तपासनीस. गुडघा दुखरा, निवृत्तीला अकरा महिने.

प्रकरण तसं साधं. बिल्डर कमी भाड्याची घरं बांधतो; त्यात पैसे घालणाऱ्यांना राज्य करात सवलत देतं. सवलत थोडी, गावं फार. म्हणून अर्जांना गुण असतात. शाळा जवळ असेल तर दोन, बसथांब्याला तीन, किराणा दुकानाला चार. टॉलिव्हरला चाळीस घरं मंजूर झाली होती. शेजारच्या हॅस्किन गावालाही ती हवी होती. हे चार गुण गेले तर चाळीसही घरं गेली, असं टॉलिव्हरमध्ये सगळे धरून चालले होते.

अर्लनने मेन स्ट्रीटवरच्या, अर्जात दाखवलेल्या जागेच्या काचेला नाक लावलं. आत रिकामी खोली. मग त्याने फाईलमधला फेब्रुवारीतला फोटो काढला. भिंतभर फळ्या, फळ्यांवर डबे, सफरचंदांची टोपली, ‘ताजा माल’ अशी पाटी. त्याने चष्मा लावून पुन्हा पाहिलं. भाव कशावरच लिहिलेला नव्हता. काही डबे पाठमोरे ठेवले गेले होते; त्यांच्या बारकोडवरून जाड काळी रेघ होती.

बिल्डर ट्रेंट हॉलबर्ग नव्या जागेवरच्या पत्र्याच्या ऑफिसात सापडला.

“दुकान कुठंय, हॉलबर्ग?”

“मला काय विचारता, साहेब? फोटो आणि पत्र गावाने दिलं. मी जोडलं.”

“तुम्ही दुकान पाहिलं होतंत?”

“हो. चालत्या गाडीतून.”

“काही विकत घेतलंत?”

“इथे? मी शहरात राहतो हो.” हॉलबर्ग पुढे झुकला. “हे बघा, खोटं दुकान मी उभं केलं असतं ना, तर भावाच्या चिठ्ठ्या तरी लावल्या असत्या. इतका काही मी कच्चा नाही.”

अर्लनला हे पटलं, आणि पटल्याचा कंटाळाही आला. बिल्डर दोषी निघाला असता तर जेवायच्या आत घरी पोचता आलं असतं.

“जागा कुणाची आहे ती?”

“लुथरन चर्चची. तळघरात टॉलेफसनबाई भेटतील. गरिबांना फुकट धान्य वाटायचं काम बघतात.”

व्हर्ना टॉलेफसन एकाहत्तर वर्षांच्या होत्या. लांबलचक टेबलावर दान आलेले डबे मांडून बसल्या होत्या. त्यांनी न विचारता पातळ कॉफी ओतली.

“फेब्रुवारीत ती जागा कुणाला दिली होती, बाई?”

“आता काय आठवतंय मला! उंदरांना दिली असेल. घ्या, लिंबाच्या वड्या घ्या. मीच केल्यात.”

बोलता बोलता त्या एकेका डब्यावर मार्करने रेघ ओढत होत्या.

“ही रेघ कशाला?”

“रेघ नसली तर लोक शहरातल्या दुकानात डबा परत देऊन पैसे घेतात. त्या कॉर्लिसने नाही घेतले? मक्याचे बारा डबे! आणि रविवारी पहिल्या बाकावर बसतो मेला.”

अर्लनने बेसिनकडे पाहिलं. पेल्यात एक टूथब्रश. खुंटीवर एकच टॉवेल, ओला. त्याने फोटो टेबलावर ठेवला.

“कुठलंही दुकान स्वतःच्याच बारकोडवर काट मारत नाही, बाई. मग विकणार काय? भाव नाहीत, कारण हा माल विकायचाच नव्हता. हा तुमच्या तळघरातला माल. फळ्याही इथल्याच. खात्याचा माणूस यायचा त्या आठवड्यापुरतं सगळं वर नेलंत, मग खाली आणलंत. जागा चर्चची, किल्ली तुमच्याकडे. पत्रही तुम्हीच लिहिलंत.”

व्हर्नाबाईंनी मार्करचं टोपण लावलं.

“पाच बायका लागल्या. नाव मात्र माझंच लिहा. कल्पना माझी होती.”

“तुम्ही इथेच राहता ना?”

“ऑक्टोबरपासून. घरमालकाने घर विकलं. पाद्रीबाबांना वाटतं मी फार लवकर कामाला येते.” त्या हसल्या नाहीत. “नव्या घरांच्या यादीत मी अकरावी आहे. आता नसेन.”

“पण दुकान खरंच काढायचं की मग.”

“सातशे वस्तीत? तीन जणांनी काढलं, तिघंही बुडाले. गुण ठेवणाऱ्याला हे माहीत नसतं का हो?”

गुणांची यादी ठरली तेव्हा अर्लनही त्या खोलीत होता. त्याला बसथांब्याला चार हवे होते. तो गाडीत जाऊन बसला, गुडघा चोळला आणि ऑफिसात अर्जांची नोंद ठेवणाऱ्या माविसला फोन लावला. सगळं सांगितलं. कुणाचं नावही लपवलं नाही.

माविस टाइप करत होती. “गुण किती कापायचे?”

“चार. पण माविस, हॅस्किनला कळव, आता घरं त्यांना–”

“हॅस्किनला कशाला? त्यांच्या महापौराने सही केली नव्हती. अर्ज पहिल्याच दिवशी बाद झाला.”

“मग टॉलिव्हरचे गुण कुणाशी ताडून पाहिले?”

“कुणाशीच नाही. त्या विभागात तेवढा एकच अर्ज उरला होता. एकच असला की आम्ही गुण मोजतच नाही.”