मार्तंडरावांचं सोंग

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या, प्रमोदिनीच्या घरात घडली आहे, आणि ती बाई थापा मारणाऱ्यांतली नव्हती.

साल १९५८. गाव परंडा. चैत्रातली भर दुपार.

रात्र असती तर भास म्हणून सोडून देता आलं असतं.

आत्याचे यजमान मार्तंडराव किल्ल्याच्या रस्त्यावर, राहत्या घरातच स्टुडिओ थाटून फोटो काढायचे. निजामी जाऊन शाळा मराठी झाल्या होत्या, आणि भिंतीवर लावायला इतिहासातल्या थोरांची चित्रं मिळेनात. मार्तंडरावांनी डोकं लढवलं. एका बुडालेल्या नाटक मंडळीचे पोशाख आणले आणि स्वतःच सोंगं घेऊन स्वतःचेच फोटो काढू लागले. नाना फडणवीस झाले, महादजी शिंदे झाले. मिशा उतरवून चांदबीबी झाले, ते गावाला आठवडाभर हसायला पुरलं.

त्यांची एक रीत होती. खुर्चीत बसायचं, कॅमेऱ्याच्या नळीचा रबरी फुगा हातात धरायचा आणि मोठ्यानं तीनदा म्हणायचं, मी नाना, मी नाना, मी नाना. मगच फुगा दाबून फोटो काढायचा. त्याशिवाय चेहऱ्यावर माणूस येत नाही, म्हणायचे.

माणूस यायचा.

जरा जास्तच यायचा...

मार्तंडरावांच्या डाव्या भुवईत लहानपणीची खोक होती. एकाही फोटोत ती दिसायची नाही. आत्यानं विचारलं तर रंगाचा लेप, उजेड, असं काहीबाही सांगून वाटेला लावायचे.

आणि दर सोंगानंतर ते जास्त दमायचे. बार्शीच्या डॉक्टरला रोग सापडेना. "लई दमलोय गं," एवढंच बोलणं उरलं. हातात घास धरून झोपायचे. घरात चाळीस फोटो, पण नवऱ्याचा म्हणावा असा एक नाही. हा माणूस असाच विझून गेला तर आपल्याकडं त्याचा चेहराही उरणार नाही, या भीतीनं आत्यानं हट्ट धरला.

"अहो, एकदा तुम्ही म्हणून बसा. माझ्यासाठी."

त्या दुपारी ते साध्या सदऱ्यात, काळी टोपी घालून बसले. आत्या कॅमेऱ्याशेजारी उभी. छपराच्या काचेतून लख्ख उजेड. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. फुगा हातातून सुटून खाली पडला.

आत्या हाक मारणार, तोच...

"मी मार्तंड."

आवाज त्यांचाच. पण ओठ मिटलेले होते. आत्या बघत होती.

"मी मार्तंड."

पोशाख टांगले होते, त्या कोपऱ्यातून.

तिसऱ्यांदा आवाज आला तो अगदी खुर्चीजवळून...

आणि कॅमेरा वाजला. खट्.

फुगा जमिनीवरच होता.

मार्तंडरावांनी डोळे उघडले. कित्येक महिन्यांत उठले नव्हते असे ताडकन उठले आणि कॅमेऱ्यातली काचेची प्लेट घेऊन फोटो धुवायला अंधाऱ्या खोलीत गेले. तासाभरानं ओला फोटो घेऊन बाहेर आले. टोपी, सदरा, हसू, सगळं झकास. भुवई अखंड.

आत्यानं मान वर करून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

तिथंही खोक नव्हती...

"चहा ठेव गं," ते म्हणाले. "आज कसं हलकं वाटतंय."

पुढं अकरा वर्षं ते कधी दमले नाहीत. जांभईसुद्धा दिली नाही. आत्याला उणा शब्द बोलले नाहीत. बायका म्हणायच्या, नशीब काढलंस. आत्या कुणाला काय सांगणार? वेड्यात काढलं असतं. दमत गेली ती तीच.

एकोणसत्तर साली ते गेले. आत्या रडली नाही, म्हणून गावानं नावं ठेवली.

मला हे तिनं स्वतः जाण्याच्या आदल्या वर्षी सांगितलं. भिंतीवरच्या त्या फोटोकडं पाठ करून बसली होती.

"माणूस वाईट नव्हता रे," ती म्हणाली. "पण माझा कुठं गेला, ते त्याला विचारायचा धीर कधी झाला नाही. त्या दुपारपासनं मी विधवाच होते. आणि रोज सकाळी कुंकू लावत होते."