पौषात हात लावून पाहिलेली भिंत

गोंडपिपरीच्या मोटारस्टँडवर चिंचेखाली बसून मी एका अनोळखी माणसाला सरकारी ओव्हरसिअरच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकवत होते. यात माझा काही दोष नाही. चांद्याची मोटार कुठंतरी वाटेत बंद पडली होती, वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं, आणि त्या माणसानं आपल्या तांब्यातलं पाणी पुढं करून विचारलं होतं — "बाई, एवढ्या तणतणत कुठी चालल्या?"

आता एवढं विचारल्यावर कोण गप्प बसेल?

"चांद्याले!" मी म्हटलं. "मोठ्या डॉक्टरसाहेबाले सांगाले, का बापा, तुमची बाळंतपणाची खोली तुम्हीच ठेवा. अन् ज्यानं ती बांधली ना, त्या गाढवाले तिच्यात कोंडा. भर दुपारी. पाठीवर सदरा नको!"

"काऊन वो? खराब बांधली का?"

"खराब कशी बांधंल? सरकारी ओव्हरसिअर आहे, शिकलेला आहे! वाळवी लागू नये म्हणून बाहेरून टिनाचे पत्रे लावले. आतून सागाच्या फळ्या. मधात धानाचं तूस ठासून भरलं, म्हणे ऊन आत येणार नाई. अन् मग पत्र्यापासून फळीपर्यंत आरपार लोखंडी बोल्ट मारले. एक नाई, दोन नाई, साऱ्या भिंतीभर! बाहेर ऊन खातात अन् आत चटके देतात."

तो ऐकत राहिला, म्हणून मी रंभाचंही सांगितलं. रंभा ही त्या खोलीत आलेली पहिली बाळंतीण. लेकरू मांडीवर घेऊन भिंतीला टेकली आणि किंचाळली. पाठीवर बोल्टाच्या डोक्याएवढा गोल चट्टा! आमच्या गावात लेकराचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाचा डाग देतात. ती रीत मोडावी म्हणून मी गावभर घसा कोरडा केलेला. आणि आता गाव काय म्हणतं? नर्सबाई लेकरांना नको म्हणते आणि बाळंतिणीला स्वतःच डाग देते! त्यानंतर माझ्या खोलीची पायरी एकही बाई चढली नाही.

"डॉक्टरसाहेब म्हणतात, मृग लागाच्या आत तिथी आणखी एक तरी बाळंतपण झालं पाह्यजे, नाई तर खोली तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराले देऊन टाकू. अन् मले नागपूरले परत. गावातल्या बाया मग पुन्हा गोठ्यात बाळंत होवो, नाई तर मरो!" शेवटच्या शब्दाला माझा आवाज फुटला. मला स्वतःचाच राग आला.

त्यानं तांब्याचं झाकण सावकाश लावलं.

"बोल्ट पाच सुताचे आहेत," तो म्हणाला.

"तुम्हाले का माहीत?"

"ते गाढव... मीच आहे ना."

दुसरी एखादी असती तर लाजली असती. मला तर हायसं वाटलं — चांद्यापर्यंतचं तिकीट वाचलं. मी पदर खोचला. पण मी तोंड उघडायच्या आत तो शांतपणे म्हणाला, "पण बाई, ती भिंत थंड आहे. मी सोता हात लावून पाह्यला."

"कधी?"

"पौषात."

देवा! मी कपाळाला हात लावला आणि तो आपला माझ्याकडे गंभीरपणे बघतोय. डोळे मात्र मोठे निर्मळ होते मेल्याचे. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि त्याचाही मला राग आला.

नाव घनश्याम भांडेकर, गाव वडसा. चांद्याची मोटार आली तेव्हा आम्ही दोघं उलट्या दिशेनं, आमच्या गावाच्या बैलगाडीत बसून निघालो होतो. वाटभर तो मला तुसाचे गुण सांगत होता. तूस किती हलकं, तुसात हवा कशी अडकते, ऊन तिथंच कसं थकतं... मी म्हटलं, "तूस थकवते हो, पण तुमचा बोल्ट थकत नाई ना!" तर म्हणतो, "बोल्टाची जागा किती? टिकलीएवढी. त्यानं काय होते?"

काय होते ते त्याला भर दुपारी कळलं. खोलीत आला, "पाहा" म्हणाला, आणि मोठ्या दिमाखानं पातळ मलमलीचा सदरा भिंतीला टेकवून बसला. मी हाताची घडी घालून बघत राहिले.

"माय वो!"

"टिकलीएवढी ना?" मी म्हटलं.

मग मलाच मलम लावावं लागलं. तो पाठमोरा बसून कान लाल करून घेत होता, आणि मी उगाच दात-ओठ खात होते. मलम जरा जास्तच वेळ लावलं गेलं. नर्सच्या कामात असं होत नसतं... पण झालं.

"जळते का?" मी विचारलं.

"बोल्ट जळते. तुमचा हात नाई."

"ओव्हरसिअरसाहेब, पाठ इकडं, तोंड तिकडं ठेवा. अन् बंद ठेवा."

त्यानंतर तो गावातच मुक्काम ठोकून राहिला, गुणवंतराव पाटलांच्या ओसरीवर. आणि रोज माझं डोकं खायला हजर! पहिल्यांदा त्यानं आतल्या बोल्टांच्या डोक्यांवर कापूस चिकटवला. माझा कापूस, दवाखान्याचा! दुपारपर्यंत सगळा कापूस खाली. मग कातड्याचे वायसर, म्हणजे भोक पाडलेल्या गोल चकत्या, आणले आणि बोल्टांच्या डोक्यांखाली घातले. "आता फळीले लोखंड लागतच नाई," म्हणाला. फळीला नसेल लागत, पण बोल्टाचं डोकं तसंच उघडं, तसंच तापलेलं. मी त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवला. चुर्रर्र झालं.

"जरासं कमी झालं," तो म्हणाला.

"जरासा कमी भाजलेला माणूस पाह्यला का कधी?"

त्या दिवशी भांडून भांडून दोघंही थकलो. जेवायची वेळ टळून गेलेली. मी म्हटलं, आता दोन घास खा आणि मग जा उलथायला. चुलीवर डाळ होती. त्यानं आपण होऊन वाढून घ्यायला पळी धरली आणि झटक्यात सोडली. डाळीत राहून राहून पळीची दांडी तापली होती.

"ते सोडा, चाटू घ्या," मी भाताचा लाकडी चाटू त्याच्या हातात कोंबला. "एवढं कळत नाई? लोखंडाचं एक टोक विस्तवात असलं का दुसरं टोक सोडत नसते कोणाले."

तो चाटू हातात धरून बसला. डाळ राहिली बाजूलाच.

"नर्सबाई... एकच लोखंड दोन्हीकडे तोंड काढून बसलं आहे, नाई का?"

"मी पंधरा दिवसांपासून दुसरं का बोलून राह्यली?"

"नाई, ऐका तर. पत्रा बाहेरच्या लाकडाले ठोकाचा. बारक्या खिळ्यानं. खिळा लाकडातच थांबला पाह्यजे. फळी आतल्या, वेगळ्या लाकडाले. तिचा खिळाबी तिथीच थांबला. अन् दोन लाकडं एकमेकाले धराले बोल्ट नाई... सागाच्या खुंट्या! उन्हाले आत याले लोखंडाचा रस्ताच नाई ठेवाचा!"

त्याचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. लगेच मी ते दाबलं. ह्याला आधीच कमी शिंगं फुटलेली नव्हती.

"मग आधी काऊन नाई सुचलं?"

"आधी कोणी एवढं भांडलं नाई माह्यासंग," तो साधेपणानं म्हणाला. मी चाटू त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याच्या ताटात भात वाढला.

दुसऱ्या दिवसापासून भिंत उकलायला सुरुवात झाली. बोल्ट निघत होते, तूस उडत होतं, माझ्या केसांत, पोलक्यात, चहात तूस. तो वर चढून पत्रा ठोकायचा आणि मी खालून खुंट्या द्यायची. "सरकारनं मंजुरी दिली का याले?" मी एकदा विचारलं. "देईल," म्हणाला आणि खुंटीवर जरा जोरात घाव घातला. मी पुढं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

काम झालं. भर दुपारी मी आतल्या भिंतीवर जागोजागी गाल टेकवून बघितला. पत्र्यावर बाहेर हात ठरत नव्हता आणि आत फळी माठाच्या कुशीसारखी. मला इतका आनंद झाला की मी त्याला म्हटलं, "बरी आहे!" तो म्हणाला, "एवढी स्तुती? आजारी तर नाई ना तुम्ही?"

पण भिंत निवून गाव थोडंच निवतं! मंगलीचे दिवस भरले होते आणि तिची सासू ताराबाई काही केल्या ऐकेना. मी पायऱ्या झिजवल्या, हात जोडले. शेवटी ती साऱ्या बायांना घेऊन खोलीवर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ज्यानं भिंत बांधली त्यानं उघड्या पाठीनं बसावं. ऊन उतरतपर्यंत. मंग पाहू."

"बसतो," घनश्याम म्हणाला.

"एकटा नाई. भिंत त्याची, खोली तुही. तूबी बस वो नर्सबाई. त्याच्या बाजूले."

"मी कायले?"

"काऊन? भेव वाटते का?"

मला? भेव? मी फतकल मारून बसले. एकच शिंदीची चटई, त्यावर उघड्या पाठीचा ओव्हरसिअर आणि शेजारी नऊवारी सावरत मी. समोर दारात साऱ्या बाया दाटीवाटीनं. आमच्याकडं असं जोडीनं एका चटईवर कोण बसतं, हे सांगायला नको. कोणीतरी खुसखुसलं, "नवरदेवाले हळद नाई लावली वो!" झालं, हळदीचं गाणंच सुरू झालं. मी डोळे वटारले तर आवाज आणखी चढला. माझ्या मानेपर्यंत शिरशिरी आली, आणि ती भिंतीच्या थंडाव्यानं आली असं म्हणायची माझी तयारी होती.

"नर्सबाई," तो ओठ न हलवता पुटपुटला.

"का आहे?"

"मले सिरोंच्याले धाडून राह्यले."

मी मान वळवली. "कोण?"

"वरचे. मंजूर नकाशातले बोल्ट काऊन काढले म्हणून. परवाची मोटार आहे."

"निरोप कधी आला?"

"खुंट्या ठोकत होतो तेव्हाच."

"अन् आता सांगता?"

"तेव्हा सांगतलं असतं तर तुम्ही काम थांबवलं असतं."

"थांबवलंच असतं!"

"म्हणून नाई सांगतलं."

खोली वाचली तर मी इथं आणि हा तिकडं जंगलाच्या टोकाला. नाही वाचली तर मी नागपूरला. दोन्हीकडून हा माणूस जाणारच होता, आणि ते मला मुळीच चालणार नव्हतं. मला तो हवा होता. रोज, समोर, डोकं खायला. आणि हे कळायला मला गावजेवणासारखी गर्दी समोर असावी लागली!

"आणखी काही लपवलं असल तर तेबी सांगा," मी दात आवळून म्हटलं. "उठता तर येतच नाई मले."

"आहे एक..." बाया गात होत्या. "त्या दिवशी चिंचेखाली तुम्ही शिव्या देत होत्या ना... मी मनात म्हटलं, ह्या मले जनमभर ऐकाले भेटल्या तर बरं होईल."

"अशी मागणी घालतात का कोणी? उघड्या पाठीनं?"

"तुम्ही नाई म्हणा मग."

मी नाही म्हटलं नाही. हो म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात दारातून मंगली ओरडली, "आत्याबाई! पोट... माय वो!"

गाणं थांबलं. ताराबाई पुढं आली. तिनं घनश्यामला खांद्याला धरून वाकवलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एकही नवा डाग नव्हता. मग फळीवर स्वतःची पाठ घासून बघितली, मांजरीसारखी. आणि सुनेचा दंड धरून म्हणाली, "उठा वो तुमी दोघं, जागा करा! बसले आपले नवरानवरी बनून!"

दिवेलागणीला मंगलीला मुलगी झाली. बाळंतीण रात्रभर भिंतीला टेकून निवांत बसली होती. दुसऱ्या दिवशी रंभा स्वतः तिला पाहायला आली आणि आपणही टेकून बसली. ठेकेदाराला तेंदूपत्ता ठेवायला दुसरी जागा शोधावी लागली.

आणि त्याच्या मोटारीच्या दिवशी मी बैलगाडीनं गोंडपिपरीच्या स्टँडवर गेले. गाडीतून उतरून पळतच गेले म्हणा ना! तो ट्रंक टपावर चढवून खाली उतरत होता. मला बघून त्याचा चेहरा असा काही झाला की माझं ठरवलेलं सगळं भाषण उडून गेलं.

"सिरोंच्याच्या बाया झाडाखाली बाळंत होतात का?" मी धापा टाकत विचारलं.

"होत असतीन. मले काय मालूम..."

"तर मग तिथी खोली बांधून मागा. सरकारच्या मागं लागा. मी माह्यासारखीच एक नर्स इथी शिकवून तयार करतो म्हणून डॉक्टरसाहेबाले आजच चिठ्ठी धाडली आहे. हिवाळ्यापर्यंत ती इथलं सांभाळंल."

"अन् तिथल्या खोलीले नर्स कुठून आणू?"

हे मी आजही माफ केलेलं नाही. साऱ्या मोटारीनं माना बाहेर काढल्या होत्या, कंडक्टर घंटीवर हात ठेवून थांबला होता, आणि हा मला विचारतो, नर्स कुठून आणू!

"लग्न करून आणा!" मी ओरडले.

तो पायरीवरच उभा राहिला. हसला आधी, मग एकदम गंभीर झाला. "त्याले तर मंजुरी लागंल."

"कोणाची?"

"तुमच्या बाबाची."

"ते मी पाहून घेतो," मी म्हटलं. "तुम्ही मोटारीत बसा."