शाहदाद खानाच्या सात पिढ्या
शाहदाद खान आणि मी एकाच आईचं दूध प्यालो. त्याच्या वडलांना चुलत्यांनी दग्याने मारलं, तेव्हा त्याची आई त्याला घेऊन आमच्या खोऱ्यात पळून आली आणि आठवड्याभरात आमच्याच घरात वारली. माझ्या आईने मग दोघांनाही पाजलं. आता त्याच्या टोळीने त्याला सरदारकीच्या पगडीसाठी बोलावलं होतं.

आम्हा पठाणांत सात पिढ्यांची नावं सांगता आली नाहीत, तर पगडी नाही. शाहदादला तीनच ठाऊक. मरण्यापूर्वी त्याच्या आईला माझ्या आईजवळ तेवढीच सांगता आली होती. तो अडला की पगडी चुलतभाऊ झमरकला, आणि मग झमरक त्याला जिवंत सोडणार नव्हता.

"पुढची चार ठोकून दे," मी वाटेत म्हणालो.

"पायंदा, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का? म्हाताऱ्यांना पाठ आहेत ती."

भरदुपारी तुतीच्या झाडाखाली टोळीतल्या मलिकांचा, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचायतीचा, जिरगा बसला. खाली पडलेल्या तुतींवर माश्या घोंघावत होत्या. शाहदादच्या मागे उन्हात तापलेली मातीची भिंत होती. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

"बोला, खानसाहेब," झमरक म्हणाला. "की दूधआईला बोलावू?"

सगळे हसले. मग माश्यांचा आवाज थांबला.

"शाहदाद," असं ऐकू आलं. "सरबुलंद. नेकनाम. दौलत."

ठाऊक असलेली तिन्ही नावं झाली होती. आता संपलं, असं वाटलं.

"बहलोल," घोगऱ्या आवाजात.

"मूसा." हा आवाज दमेकऱ्याचा होता.

सगळ्यांत म्हाताऱ्या मलिकाची, बरातबाबांची, जपमाळ थांबली.

"कमाल."

शेवटचं नाव बोबडं आलं.

"शारंग."

बरातबाबा रडायला लागले. "सारंग बोबडाच होता. माझ्या आजाने सांगितलं होतं."

एकेका मलिकाने पगडीचा एकेक वेढा दिला. झमरकनेही दिला, मान खाली घालून. मी अल्लाचे किती आभार मानले, त्याला सुमार नाही.

लोक पांगल्यावर शाहदादने मला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते.

"उद्या सगळ्यांच्या कबरींवर मेंढे कापायचे. ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही, ती माझी मेलेली माणसं आली रे! एकेक जण माझ्या मागे उभा राहून आपापलं नाव सांगत होता. मी नुसते ओठ हलवले."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पोरका म्हणून वाढलेल्या माणसाला सगळं गणगोत भेटलं होतं.

"पण पहिलं तरी तूच म्हणालास ना?" मी थट्टेने विचारलं. "तुझं स्वतःचं?"

"छे," तो डोळे पुसत, हसत म्हणाला. "तेही मागूनच आलं. माझ्याच आवाजात."