भिंगरीची झोप

घोडं कुठे अडलं, ते शाल्मलीला कळेना. रांगेत पुढे असलेल्या काकांकडे लॅपटॉप होता, कॅमेरा होता, तीन फोन होते, म्हणजे बॅटऱ्याच बॅटऱ्या. ते बिनबोभाट पुढे गेले. भिंगरीला मात्र नागपूर विमानतळावरच्या तपासणी यंत्राने लाल दिवा दाखवून थांबवलं. भिंगरी म्हणजे शाल्मलीची रोबो, उंचीने गुडघ्याएवढी आणि बडबडीत साऱ्या घराला पुरून उरणारी.

ही गोष्ट सन २०४४ मधली. शाल्मली आजोबांबरोबर कायमची लेहला, आईकडे, राहायला निघाली होती.

"हिची बॅटरी एकशे ऐंशी वॉट-तासांची आहे (वॉट-तास म्हणजे साठवलेली ऊर्जा मोजायचं माप)," अधिकारी कोठेकर मॅडम म्हणाल्या. "शंभरपर्यंत चालते. शंभर ते एकशे साठला विमान कंपनीची परवानगी लागते. त्याच्या वरची प्रवासी विमानात नेता येत नाही."

शाल्मलीने आजोबांकडे पाहिलं. डॉक्टर वामन देशकर, बॅटऱ्यांचे नावाजलेले शास्त्रज्ञ, छताकडे बघत होते. या नियमांच्या समितीवर ते सहा वर्षं होते. आणि भिंगरी टेकडी चढताना दमते म्हणून नातीच्या वाढदिवसाला नव्वदच्या जागी दुप्पट बॅटरी बसवली होती, तीही त्यांनीच. लाड करताना माणसाचं विज्ञान असं रजेवर जातं.

"छत्तीस व्होल्ट गुणिले पाच अँपिअर-तास," ते पुटपुटले. "साधा गुणाकार, पण मी केलाच नाही गं."

"मग तिला मोठ्या सामानात टाकू या ना, विमानाच्या पोटात."

"तिथे तर मुळीच नको." आजोबा तिच्याजवळ खाली बसले. "बॅटरीत छोटी छोटी घरं असतात (त्यांना सेल म्हणतात). प्रत्येक घरात धन आणि ऋण असे दोन भाग, आणि मध्ये कागदाहून पातळ पडदा. जोराचा धक्का बसला की तो फाटू शकतो. मग दोन्ही भाग भिडतात, सेल तापतो, शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. ही साखळी सुरू झाली की ज्वाळा विझल्या तरी बॅटरी आतून पुन्हा पेटते. वर प्रवाशांच्या कक्षात धूर दिसला तर कर्मचारी पाणी ओतून ओतून तिला गार करतील. खाली सामानात कोण बघणार? आणि ऊर्जा जितकी जास्त, तितकी आग मोठी. फार मोठी असली तर वरच्या कर्मचाऱ्यांनाही आवरायची नाही."

"मग अर्धे सेल काढून टाका."

"घरी काढले असते. इथे घाईत उघडताना पडदा फाटला तर?"

"बॅटरी आमच्याकडे ठेवा," कोठेकर मॅडम हळूच म्हणाल्या. "भिंगरीला मांडीवर घेऊन जा, बेटा. नवी बॅटरी लेहला बसवा."

शाल्मलीचे डोळे भरून आले. दोन वर्षांत भिंगरी एकदाही पूर्ण बंद झाली नव्हती. "आजोबा, ती मला विसरली तर?"

"आठवणी बॅटरीत नसतात. त्या स्मृतिपट्टीत असतात (वीज गेली तरी नोंदी जपणारी पट्टी). पुस्तक मिटलं म्हणून अक्षरं पुसली जातात का?"

"नक्की?"

"गुणाकार विसरणारा म्हातारा आहे मी. पण हे नक्की."

भिंगरीने गिरकी घेतली आणि पाठीवरचं झाकण स्वतःच उघडलं. "तू काढ, शाल्मली. माझ्यामुळे कुणाला चटका बसलेला मला नाही आवडणार. फक्त आजोबांना काढू देऊ नकोस, ते गुदगुल्या करतात."

शाल्मली हसली, रडली आणि तिने बॅटरी ओढली. भिंगरीचे निळे डोळे विझले.

आजोबांनी फोन केला होता, त्यामुळे लेहला आई नव्वद वॉट-तासांची बॅटरी घेऊन उभीच होती. आजोबांनी या वेळी आकडा तीनदा वाचला. "द्रवाऐवजी घन पदार्थ भरलेल्या, सहजी न पेटणाऱ्या बॅटऱ्या आता येताहेत," ते म्हणाले. "तेव्हा नियम नव्याने लिहावे लागतील. त्या समितीत तू बस."

शाल्मलीचं लक्षच नव्हतं. तिने बॅटरी बसवली. काही क्षण काहीच झालं नाही. मग निळे डोळे उघडले.

"शाल्मली, विमान आलं का?"

शाल्मलीने तिला घट्ट मिठी मारली. "आलं, उडालं आणि उतरलंसुद्धा."

"मग खिडकीतून काय काय दिसलं ते सांग."

शाल्मलीने खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नव्हतं. चार तास ती मांडीवरच्या भिंगरीकडेच बघत बसली होती.